पोराचा घसा सारखा सारखा येतोय, वर डोकं पण दुखतंय: आमच्या घरी पाच वेळा काय काय चुकलं

जुलै ते जानेवारी, सात महिन्यात पाच वेळा. पोरगा सात वर्षांचा, दुसरीत, वजन वीस किलो, आणि महिना दीड महिना झाला की तेच, शाळेतनं येतो ते दप्तर टाकून गादीवर आडवा, "मम्मी डोकं दुखतंय", अंगाला हात लावला की चटका. मग मेडिकल, मग दवाखाना, चार दिवस शाळा बुडाली, मग बरा, आणि बरा झाला झाला म्हणेपर्यंत परत. घरात सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "ह्याचा घसा परत आला बघ". ह्या वाक्यानंच आमची वाट लावली, कारण पाच वेळा आलेलं दुखणं एकच नव्हतं, तीन वेगवेगळी होती, आणि आम्ही सगळ्यांवर तेच औषध ओतत होतो. मी डॉक्टर नाही, डोस आणि निदान तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, पण कुठं बघायचं आणि काय विचारायचं एवढं मला आता नक्की कळलंय, ज्यांच्या घरी हेच चाललंय त्यांनी वाचा.

पहिली वेळ जुलैतली. सकाळी उठला तोच पोट दुखतंय म्हणून, सोमवार होता, मला वाटलं शाळेला दांडी. डबा भरून पाठवला (ह्याचं अजून वाईट वाटतं). दुपारी शाळेतनं फोन, उलटी झाली, ताप आहे. घरी आणला तर 102, डोकं धरून बसलेला, पण घशाचं एक अक्षर नाही. रात्री दूधभात पण नको म्हणाला आणि थुंकी गिळताना तोंड वाकडं केलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. नंतर बालरोगतज्ञांनी सांगितलं की ह्या वयाची पोरं घसा दुखतोय असं सरळ सांगतीलच असं नाही, स्ट्रेपच्या घशात डोकं, पोट, मळमळ, उलटी हीच तक्रार पुढं येते आणि आईबाप पोटाचं औषध देत बसतात. स्ट्रेप म्हणजे स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू, त्यातला ए गटाचा, त्यानं झालेला घसा. तो जास्त करून 5 ते 15 वर्षांच्या पोरांना धरतो, तीनच्या आतल्या बाळांना क्वचित. म्हणून माझी धाकटी, दोन वर्षांची, नाक गळत फिरते तेव्हा तिच्यासाठी मी स्ट्रेपची भीती धरत नाही.

आता आपण बोलतो कसं ते बघा. घसा बसला, घसा खवखवतोय, घसा धरला, घसा दुखतोय, सगळं एकाच अर्थानं वापरतो आणि दवाखान्यात जाऊन "घशाचं आहे" एवढंच सांगतो. पण हे वेगळं वेगळं आहे. आवाज बसलाय, खोकला आहे, नाक वाहतंय, डोळे लाल झालेत, तोंडात बारीक फोड आलेत, तर ते बहुतेक व्हायरल, त्याला अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि खोकला नाही, सर्दी नाही, आवाज व्यवस्थित, पण ताप एकदम चढला (100.4 च्या वर), गिळताना दुखतंय, डोकं दुखतंय, जबड्याखाली मानेच्या पुढच्या बाजूला गाठी हाताला लागतात आणि दाबलं की पोरगं ओरडतं, तर स्ट्रेपची शंका घ्यायची. म्हणजे गंमत अशी की ज्या पोराला खोकला जास्त त्याचीच आपण जास्त काळजी करतो, आणि स्ट्रेपमध्ये खोकला नसणं हीच खूण.

टॉर्च लावून घसा बघायचा तो पण बरा असताना एकदा बघून ठेवा, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ह्या वयात टॉन्सिल तशाच मोठ्या असतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा दोन बोरं लटकल्यासारखी दिसली आणि हातपायच गळाले, नंतर कळलं की बरा असताना पण त्या तेवढ्याच दिसतात. आजारपणात काय बदललं ते बघायचं, लालभडक झाल्यात का, वर पांढरे-पिवळे ठिपके किंवा साय धरल्यासारखा थर आहे का, टाळूवर मागच्या बाजूला लाल बारीक टिपके आहेत का. मोबाईलचा टॉर्च, चमच्याची मागची बाजू, आ म्हणायला लावायचं, दोन सेकंदात बघून घ्यायचं. पोरगं लाळ गाळत असेल, तोंड उघडत नसेल, एकाच बाजूला खूप सूज असेल, किंवा तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं बोलत असेल तर चमचा वगैरे काही घालू नका, सरळ दवाखाना, टॉन्सिलच्या मागं पू झालेला असू शकतो.

अंगावर पुरळ आहे का तेही बघा. आपल्या सावळ्या पोरांच्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यानं नाही, हातानं बघायचं, पोटावर पाठीवर हात फिरवला की सुताराच्या पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि दाणेदार होते. असं असेल तर स्ट्रेपची शंका पक्की होत जाते, ह्याला स्कार्लेट फीवर म्हणतात.

पण एक खरं सांगते, हे सगळं जुळलं तरी नुसत्या डोळ्यानं डॉक्टरला पण खात्री देता येत नाही. घसा दुखणाऱ्या शंभर पोरांत साधारण वीस ते तीस जणांनाच स्ट्रेप असतो, बाकीचे व्हायरल. पांढरे ठिपके व्हायरलमध्येही येतात. खात्री करायची तर घशातला स्वॅब, आणि इथंच आमच्याकडं सगळे ढेपाळतात. स्वॅब म्हणजे लांब काडीला कापूस, टॉन्सिलवरनं फिरवतात, पोरगं एकदा ओक्क करतं, संपलं. दोन प्रकार आहेत, एक रॅपिड टेस्ट, काही मिनिटात कळतं पण सगळ्या दवाखान्यात नसते, दुसरी कल्चर, लॅबला जाते आणि एक-दोन दिवसांनी रिपोर्ट. स्वॅब अँटिबायोटिक चालू करायच्या आधी घ्यायचा, दोन डोस पोटात गेल्यावर घेतलेल्या स्वॅबला अर्थ राहत नाही. रिपोर्टसाठी दोन दिवस थांबलं तर काही होईल का, मला पण हीच भीती होती, पण त्यातली मोठी गुंतागुंत (रुमॅटिक फीवर, सांध्यांवर-हृदयावर जाणारा, त्याचं पुढं सांगते) टाळायला नऊ दिवसांच्या आत अँटिबायोटिक चालू झालं तरी चालतं, त्यामुळं पोरगं बाकी ठीक असेल तर दोन दिवस ताप आणि दुखण्याचं औषध देऊन थांबता येतं. हे अर्थात डॉक्टरनं बघून सांगितल्यावर.

तर जुलैत स्वॅब वगैरे काही झालं नाही. जवळच्या दवाखान्यात अमॉक्सिसिलिनचं ड्राय सिरप दिलं, पाच मिली सकाळ-संध्याकाळ. बाटली तीस मिलीची. आता हिशोब करा, रोजचे दहा मिली म्हणजे बाटली बरोबर तिसऱ्या दिवशी संपली. ताप दुसऱ्याच दिवशी गेलेला, पोरगं अंगणात क्रिकेट खेळत होतं. मी बाटली विसळून टाकली आणि विषय संपला. कागदावर दहा दिवस लिहिलं होतं का? लिहिलं होतं, नंतर काढून बघितलं तर 10 आणि पुढं एक रेघ, मी ते वाचलंच नाही, आणि मेडिकलवाल्यानं एकच बाटली दिली म्हणजे एवढंच असेल असं धरून चालले. माझ्या मते आपल्याकडं घसा परत परत यायच्या कारणात ही तीस मिलीची बाटली लय वर येईल, आपण बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं धरतो. स्ट्रेप असेल तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस, पोरगं तिसऱ्या दिवशी नाचायला लागलं तरी दहा दिवस. दवाखान्यातनं निघतानाच विचारा, दहा दिवसाला किती बाटल्या लागतील, नाहीतर पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतील का.

आणि बाटल्या दोन-तीन आणल्या तर सगळ्या एकदम कालवू नका. पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी, आधी अर्धं घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं. कालवल्यावर किती दिवस चालतं ते लेबलवर असतं, बऱ्याच सिरपला सातच दिवस, तेही फ्रीजमध्ये. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, ओट्यावर ठेवलेलं सिरप म्हणजे काय राहणार त्यात. एक संपली की दुसरी कालवायची.

दुसरी वेळ ऑगस्टमध्ये, तीन आठवड्यात परत सेम टू सेम. ह्यावेळी दवाखान्यात पण गेलो नाही, ह्यांनी येताना मेडिकलमधनं अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या, "तीन दिवसात क्लिअर होतं म्हणला बे तो". उतरला ताप, पण ताप तसाही तीन-चार दिवसात उतरतोच, औषध घ्या नाहीतर नका घेऊ, आणि ह्याच्यामुळंच सगळे फसतात, ताप गेला म्हणजे औषध लागू पडलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की ह्या जंतूवर पेनिसिलिन आजपर्यंत लागू पडत आलंय, पण अझिथ्रोसारखी औषधं काही ठिकाणी लागू पडत नाहीत, म्हणून अझिथ्रो पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी ठेवायचं, तेही पूर्ण पाच दिवस वजनाच्या हिशोबानं. जुनं स्वस्त औषध चांगलं आणि नवीन भारी गोळी कमी चांगली, हे ह्यांना अजून पटत नाही.

तिसरी वेळ गणपतीत. खोकला, शेंबूड, आवाज बसलेला. आता वरचं वाचून तुम्हाला लगेच कळलं असेल, मला तेव्हा नाही कळलं. "परत घसा" म्हणून कपाटात उरलेल्या अझिथ्रोची एक गोळी दिली, पोरगं हगवणीला लागलं ते वेगळंच. आमच्या शेजारच्या काकूंनी पडजीभ खाली आलीय म्हणून बोटाला मीठ-हळद लावून दाबायचं म्हटलं, पोरगं पळून गेलं, बरं झालं पळालं, आधीच सुजलेल्या घशात बोट घालून काही होत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, सहा-सात वर्षांचं पोरगं करतं नीट, वर्षाच्या वरच्या पोराला मध चाटवा, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. आणि ते बर्फाचा गोळा, आईस्क्रीम, ताक, ह्याच्यामुळं घसा आला म्हणून पोरांवर ओरडायचं बंद करा. स्ट्रेप माणसाकडनं माणसाला येतो, थुंकीतनं, शिंकेतनं, उष्ट्या बाटलीतनं. उलट दुखणाऱ्या घशाला गार बरं वाटतं, हे ऐकून पोरगं डॉक्टरांच्या प्रेमातच पडलं.

चौथी वेळ दिवाळीनंतर आणि ही जरा अंगावर आली असती. ताप 103, डोकं प्रचंड, कपाळ धरून रडायला लागला. सासूबाईंनी सुंठ उगाळून लेप लावला, मीठ-मोहरी ओवाळून टाकली, "कसा रडलालाय बघ पोर" म्हणत रात्रभर उशाशी बसल्या. मी घसा बघितला, थोडा लाल दिसला, लाल तर कुठल्याही तापात दिसतो, आणि ठरवून टाकलं की परत घसा. पण तो डोळ्याच्या मागं दुखतंय म्हणत होता, पाय दुखतात म्हणत होता, गिळायला काही त्रास नव्हता, खिचडी खाल्ली त्यानं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी किती दिवसाआड येतं? मी म्हटलं चार-पाच दिवसाआड, जुळे सोलापुरात राहतो, दोन बॅरल आणि एक टाकी भरून ठेवतो. ते म्हणाले बॅरलला झाकण आहे का ताई. नव्हतं. एनएस-वन नावाची डेंग्यूची रक्ताची टेस्ट केली, पॉझिटिव्ह. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, आपल्याकडं साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. बॅरल आठवड्यातनं एकदा रिकामं करून आतनं घासायचं, नुसतं पाणी बदलून अंडी जात नाहीत, ती कडेला चिकटलेली असतात.

हे एवढ्यासाठी सांगितलं की ताप आणि डोकेदुखी बघितली की घशावर ढकलू नका. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन द्यायचं नाही, नुसतं पॅरासिटामॉल, कारण रक्तस्त्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत ताप उतरला की सुटलो असं नसतं, तेव्हाच जपायचं, पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, नाकातनं हिरड्यातनं रक्त, पोरगं निपचित पडणं, हातपाय गार, ह्यातलं काही दिसलं की रात्र असली तरी उचलायचं. आमचं हलक्यावर गेलं.

ताप उतरवायच्या औषधाचं पण आमचं चुकत होतं, आणि दोन्ही बाजूंनी. पॅरासिटामॉल वजनावर असतं, किलोला 10 ते 15 मिलिग्राम एका वेळेला, म्हणजे वीस किलोच्या पोराला 200 ते 300. पण सिरप एका ताकदीचं नसतं, कुठल्या बाटलीत पाच मिलीत 120 किंवा 125 असतं, कुठल्यात 250, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीतच 100. आमच्याकडं धाकटीची 120 वाली बाटली होती, तीच पाच मिली मोठ्याला देत होते आणि ताप उतरत नाही म्हणून घाबरत होते, उतरणार कसा, निम्मा डोस. उलटं झालं असतं तर अजून वाईट. बाटलीवरचा आकडा वाचा, घरातल्या चमच्यानं नाही, सोबतच्या टोपीनं नाहीतर सिरिंजनं मोजा, दोन डोसमध्ये चार ते सहा तास, आणि दिवसात चार डोसच्या वर जाऊ नका. सर्दीच्या मिक्स औषधात पण पॅरासिटामॉल लपलेलं असतं ते धरून मोजा. ॲस्पिरिन पोरांना नाही. आणि निमेसुलाइड नावाचं तापाचं औषध बारा वर्षांच्या आतल्यांना द्यायला 2011 पासून आपल्या देशात बंदी आहे, तरी कुणाकुणाच्या कपाटात जुनी बाटली निघते, फेकून द्या.

डोस दिल्यावर तासाभरानं पोराकडं बघा, हे मला फार कामाला आलं. ताप उतरला, डोकं हलकं झालं, उठून बसला, टीव्ही लाव म्हणाला, तर ती डोकेदुखी तापाबरोबरची असायची शक्यता जास्त. ताप उतरला पण डोकं तसंच ठणकतंय, किंवा वाढतंय, तर थांबू नका. आणि काही गोष्टींत तर तासभर पण बघत बसायचं नाही: मान ताठ झालीय, हनुवटी छातीला टेकवता येत नाही, उजेड सहन होत नाही, सारख्या उलट्या, पोरगं गुंगीत आहे किंवा बडबडतंय, झटका आला, अंगावर जांभळे-लाल डाग आलेत आणि काचेचा ग्लास दाबला तरी ते फिके होत नाहीत. हे मेंदूज्वराचं असू शकतं. जवळचा मोठा दवाखाना नाहीतर सिव्हिल, जे आधी येईल ते.

आता पाचवी वेळ. जानेवारी, गड्डा चालू होता, सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर दोन संध्याकाळ पाळणे, धूळ, भेळ, सगळी चुलत भावंडं एकाच बाटलीनं पाणी पिणार. तीन दिवसांनी सकाळी ह्याचं पोट, मग डोकं, मग 102. खोकला नाही, सर्दी नाही. ह्यावेळी मी वही काढली, आधीच्या चारही वेळा काय काय होतं ते आठवून लिहिलं, आणि डॉक्टरांना म्हटलं स्वॅब घ्या. पॉझिटिव्ह. त्याच दिवशी जाऊबाईंची मुलगी, नऊ वर्षांची, "थोडं दुखतंय काकू" म्हणत होती, तिचा पण घेतला, तोही पॉझिटिव्ह. जुलैत ती पण आजारी होती हे जाऊबाईंना तेव्हा आठवलं! म्हणजे एकानं अर्धवट बरं व्हायचं, दुसऱ्याला द्यायचं, महिन्यानं परत घ्यायचं, एकाच ताटात जेवणारी पोरं, आणि आम्ही दोन जावा वेगवेगळ्या दवाखान्यात. घरात ज्याला ज्याला त्रास होतोय त्या सगळ्यांचं एकदम बघा, मोठ्यांचं पण, ह्यांचा घसा तेव्हा दुखत होता आणि हे चघळायच्या गोळ्या खात फिरत होते. लागण झाल्यापासून दोन ते पाच दिवसात दुखणं दिसतं, म्हणून मागच्या आठवड्यात कोण आजारी होतं ते आठवायचं. अँटिबायोटिक चालू झाल्यावर साधारण चोवीस तासानं आणि ताप गेल्यावर पोरगं शाळेत चालतं, त्याच्या आधी रिक्षात दहा पोरांत कोंबू नका. टूथब्रश बदला म्हणतात, बदलला, वीस रुपयात काय जातंय, पण मूळ कारण ब्रशात सापडायची शक्यता कमी.

दोघांना दहा दिवस दिलं, फ्रीजवर कॅलेंडर, प्रत्येक डोसला टिक, आठव्या दिवशी पोरगं म्हणालं मी बरा आहे आता कशाला. तेव्हा सासूबाई मध्ये पडल्या. त्यांची धाकटी बहीण लहानपणी सारखी घशानं आजारी असायची, मग एकदा ताप येऊन सांधे धरले, आज गुडघा, दोन दिवसांनी घोटा, मग कोपर, लोक म्हणाले वाढीचं दुखणं. तिशीत धाप लागायला लागली तेव्हा कळलं की हृदयाची झडप खराब झालीय, फुग्यानं उघडली, पुढं बदलावी लागली. घसा आणि हृदय ह्याचा संबंध मावशींना डॉक्टरनं सांगितला तेव्हा उशीर झालेला. ह्याला रुमॅटिक फीवर म्हणतात, स्ट्रेपचा घसा होऊन गेल्यावर दोन ते चार आठवड्यांनी सुरू होतो, जंतूशी लढता लढता शरीर स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उठतं. सगळ्यांना होत नाही, थोड्यांनाच होतो, पण आपल्या देशात अजून आहे, आणि तो टाळायचा सोपा उपाय म्हणजे हेच दहा दिवसांचं औषध. एकदा झाला तर मग दर तीन-चार आठवड्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. सासूबाईंनी हे सगळं पोराला सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या, "गप घे, माझ्या बहिणीनं नव्हतं घेतलं". घेतलं त्यानं.

घसा बरा झाल्यावर महिनाभर एवढं लक्ष ठेवा, फिरते सांधे, धाप, हातपाय आपोआप वाकडेतिकडे हलणं, सकाळी तोंडावर सूज, लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची (हे किडनीचं, पहिल्या दोन-तीन आठवड्यात दिसतं).

एएसओ नावाची रक्ताची टेस्ट बऱ्याच जणांना करायला लावतात आणि आकडा जास्त आला की घरात रडारड. ती टेस्ट मागं कधीतरी स्ट्रेप होऊन गेला एवढंच सांगते, आज दुखणारा घसा स्ट्रेपचा आहे का ते सांगत नाही. रुमॅटिक फीवरची शंका असेल तेव्हा तिचा उपयोग.

अजून एक भानगड आहे ज्यांना कोर्स पूर्ण करूनही स्वॅब पॉझिटिव्हच येतो त्यांच्यासाठी. काही पोरांच्या घशात हा जंतू नुसता राहतो, त्रास देत नाही, त्यांना कॅरियर म्हणतात. अशा पोराला साधी सर्दी झाली आणि स्वॅब घेतला की पॉझिटिव्ह, की अँटिबायोटिक, महिन्यानं परत सर्दी, परत तेच. ओळखायचं कसं, तर दर वेळी खोकला-सर्दी असते, औषधानं काही फरक पडत नाही, आणि बरा असताना स्वॅब घेतला तरी पॉझिटिव्ह. बहुतेक कॅरियर पोरांना औषध द्यायची गरज नसते. म्हणूनच सर्दी-खोकला असताना स्वॅबच्या मागं लागू नका.

एवढं करून फेब्रुवारीत घसा गप्प झाला, आणि डोकं मात्र दुखतच राहिलं. ताप नाही, काही नाही, आठवड्यातनं तीनदा, दुपारी शाळेतनं आला की कपाळ दुखतंय. मी परत टॉर्च घेऊन. मग एक दिवस दप्तर रिकामं करताना पाण्याची बाटली हाताला जड लागली. भरलेली, सकाळी भरली तशीच. रोजच तशी येत होती, आणि मी संध्याकाळी झाडाला ओतून मोकळी. खोदून विचारलं तर म्हणाला शाळेतलं बाथरूम घाण असतं, पाणी प्यायलं की जावं लागतं. ऊन चढायला लागलेलं, सकाळी सात ते दुपारपर्यंत पोटात पाणी नाही, नाश्त्याला दोन बिस्किटं, डोकं नाही दुखणार तर काय. बाईंशी बोलले, वर्गातनं मधल्या वेळी सोडायचं ठरलं, सकाळी भाकरी-शेंगाचटणी नाहीतर उपमा खाल्ल्याशिवाय बाहेर नाही, आणि बाटली रिकामी आली तरच संध्याकाळी सायकल. तीन आठवड्यात जवळपास थांबलं. डोळे पण तपासून घेतले, नंबर नाही. तुमच्याकडं हे करून पण थांबत नसेल तर लिहून ठेवा कधी दुखतं, एका बाजूला का, उजेड नको वाटतो का, घरात आईला आजीला अर्धशिशी आहे का. पहाटे डोकं दुखून उठणं आणि उलटी, चालताना तोल जाणं, तिरळं दिसणं, हे असेल तर वहीत लिहीत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

शेजारच्या काकू अजून म्हणतात टॉन्सिल काढून टाक एकदाची, आमच्या भाच्याच्या काढल्या. मी पण डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांचा हिशोब असा, नीट नोंद केलेले, खरेखुरे घशाचे अटॅक वर्षात सात, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन, तर ऑपरेशनचा विचार. शिवाय रात्री घोरताना श्वास अडकत असेल तर तो वेगळा विषय. मग वही उघडली. पाचातली एक व्हायरल, एक डेंग्यू, पहिल्या दोन वेळा स्वॅबच नाही आणि दुसरी तर बहुतेक पहिलीचीच शेपटी. राहिली एक. काकूंना वही दाखवली, त्या म्हणाल्या अक्षर चांगलं आहे तुझं.